फाइलबरोबर मापेही वाटावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेबलावर मावणारे छोटे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरत्या पात्याने कोरणारी यंत्रे, आता कोल्हापुरात नवलाईचे राहिलेले नाहीत. नावाप्रमाणे 300 बाय 180 मिलिमीटरचे काम करणारे ‘3018’ हे यंत्र तर हौशी मंडळींच्या घरीही दिसते. मी व्यवसायाने पॅटर्नमेकर असून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करतो, आणि अलीकडे त्यातले बारीक कोरीव काम अशाच एका घरगुती राउटरवर उरकतो. या यंत्रांसाठी थ्रीडी प्रिंटरवर छापल्या जाणाऱ्या टूल माउंटबद्दल आणि त्यांच्या फाइली ज्या अर्धवट पद्धतीने वाटल्या जातात त्याबद्दल हे पत्र आहे.

यंत्राच्या वर-खाली सरकणाऱ्या पाटावर हत्यार पकडून ठेवणारी खोबण म्हणजे माउंट. आज तिथे ट्रिमर (हातात धरायचा छोटा विजेचा राउटर) बसवून लाकूड कोरावे, उद्या पेन लावून पत्र्यावर आखणी करावी, परवा डायल गेज लावून टेबल सपाट आहे का ते पाहावे, तर दर वेळी वेगळा माउंट लागतो. बाजारात तो मिळतोच असे नाही, मिळाला तर आपल्या यंत्राची भोके जुळतीलच असेही नाही. म्हणून लोक तो स्वतः रेखाटतात, छापतात आणि फाइल इतरांना फुकट देतात. ही दानत मोठी आहे, आणि तिचा लाभ मीही घेतला आहे.

मात्र गेल्या एप्रिलमध्ये अशाच एका फाइलीने मला धडा शिकवला. ज्या मकिताच्या ट्रिमरसाठी परदेशात असंख्य माउंट रेखाटले गेले आहेत, त्याच्या अंगाचा व्यास 65 मिलिमीटर आहे. माझा ट्रिमर दुसऱ्या बनावटीचा. व्हर्नियर लावला तर खाली 64.3 आणि वर 64.7 भरला. छापलेल्या कड्यात तो सैल बसला, म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून अॅलन बोल्ट आवळले. सकाळभर काम ठीक चालले. दुपारी दोनच्या सुमारास, पत्र्याच्या शेडमध्ये, आवाज बदलला म्हणून वळून पाहतो तो ट्रिमर कड्यातून घसरून खाली आलेला आणि बिट, म्हणजे त्याचे पाते, पॅटर्नच्या सागवानी उंचवट्यात (बॉसमध्ये) रुतलेला. पंपाच्या बॉडीचा तो पॅटर्न तीन दिवसांच्या मेहनतीचा होता.

चूक माझीच होती. रबराच्या पट्टीवर विसंबणाऱ्या कारागिराने दुसऱ्याला दोष देऊ नये. तरीही फाइलीसोबत चार ओळी असत्या तर मी सावध झालो असतो. माउंट पीएलएमध्ये छापला होता, आणि हे प्लॅस्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. बेअरिंगपाशी तापणारा ट्रिमर आणि वर एप्रिलचा पत्रा, असे असता ते टिकावे कसे? शिवाय बोल्टच्या सततच्या दाबाखाली पीएलए त्याहून कमी तापमानालाही हळूहळू दबते, आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक साधारण 80 अंशांपर्यंत आणि एबीएस हे तिसरे 100 च्या आसपासपर्यंत तग धरते. दुसरी गोष्ट थरांची. छापील वस्तू थर एकमेकांपासून सुटण्याच्या दिशेने सर्वांत कच्ची असते, म्हणून कडे आडवे ठेवून, भोक आकाशाकडे करून छापावे, म्हणजे आवळण्याचा ताण थरांच्या लांबीत जातो. मी ते प्रिंटरवर जागा वाचावी म्हणून उभे छापले होते, आणि काढल्यावर पाहिले तर बोल्टच्या कानापाशी केसाएवढी चीरही पडलेली होती.

आमच्या धंद्यात पॅटर्नबरोबर आकुंचन सांगावे लागते. बिडाचे ओतकाम थंड होताना शंभराला साधारण एक या प्रमाणात आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात आणि त्यासाठी मुळातच वाढीव खुणांची पट्टी वापरतात. कोणत्या धातूची पट्टी धरली हे न सांगता पॅटर्न पाठवला, तर फाउंड्रीतला फोरमन तो दारातूनच परत करील. छापील माउंटचे भोकही रेखाटल्यापेक्षा थोडे लहान उतरते, आणि ते किती लहान उतरते हे प्रिंटरगणिक बदलते. असे असता, कोणत्या प्लॅस्टिकसाठी किती सूट धरली हे न लिहिता फाइल देणे आपल्याला कसे चालते?

बहुतेकजण देतात ती एसटीएल फाइल असते. ती म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर पसरलेले त्रिकोणांचे जाळे; छापायला उत्तम, पण 65 चे 64.5 करायचे म्हटले की नाकी नऊ येतात, कारण सगळी आकृती लहान केली तर बोल्टची भोकेही लहान होतात. त्याऐवजी मूळ रेखाटन, निदान रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलता येणारी स्टेप फाइल द्यावी. ओपनएससीएडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर व्यास हा एक आकडा म्हणून वर लिहून ठेवता येतो. घेणाऱ्याने तो बदलला की बाकीचे अंग आपोआप जुळते. पूर्ण माउंटला कित्येक तास लागतात, म्हणून सोबत पाच मिलिमीटर उंचीचे चाचणी-कडेही द्यावे. ते थोड्याच वेळात छापून होते आणि ट्रिमर बसतो की नाही ते लगेच कळते.

परवान्याबद्दलही लिहिले पाहिजे. 2005 साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात अॅड्रियन बॉयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला आणि स्वतःचेच भाग छापू शकणाऱ्या प्रिंटरची रेखाटने सर्वांना खुली केली; आजचे स्वस्त घरगुती प्रिंटर त्याच वाटेने आले. आपल्याकडे मात्र फाइल कोणाची, बदलली तर चालेल का, छापून विकली तर चालेल का, याचा पत्ताच नसतो. ‘व्यापारी वापर नको’ ही अट अनेकजण सवयीने लावतात. मला ती पटत नाही, कारण ज्याच्याकडे प्रिंटर नाही त्याला उद्यमनगरातल्या एखाद्या दुकानाने चार पैसे घेऊन माउंट छापून दिला तर रेखाटणाऱ्याचे काय बिघडते? क्रिएटिव्ह कॉमन्सचा, मूळकर्त्याचे श्रेय द्या आणि बदल त्याच अटींवर पुढे वाटा असे सांगणारा परवाना या कामाला पुरेसा आहे.

अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळांचे प्रिंटर आहेत, आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये व्हर्नियर धरायला शिकणारी मुले आहेत. की-चेन छापून घेण्याऐवजी शिक्षकांनी त्यांच्याकडून इथल्या दुकानांत मिळणारे ट्रिमर मोजून घ्यावेत, प्रत्येकाचा वरचा-खालचा व्यास, वजन आणि कॉर्डची बाजू लिहून घ्यावी, आणि त्यावरून माउंट रेखाटून घ्यावेत. एक सावधगिरी मात्र हवी. लेझरचे माउंट मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या किरणांच्या तरंगलांबीचा योग्य चष्मा नसेल तर डोळा जातो, आणि पीव्हीसीचे रेक्झिन लेझरने कापले की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो.

माझा माउंट मी पीईटीजीमध्ये, आडवा, चार पदरी भिंतीचा, पुन्हा छापला आहे. भोक 64.9 रेखाटले, छापून 64.6 उतरले, आणि बोल्ट आवळल्यावर ट्रिमर घट्ट बसला. मूळ रेखाटन मी या मापांसह खुले केले आहे. कोणाला आपला ट्रिमर मोजून हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी तो घेऊन यावा. येताना कॉर्ड गुंडाळून आणि कॉलेट (बिट धरणारी पकड) काढून आणला तर बरे पडेल.

आपला,
एक पॅटर्नमेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर