टोलमाफीच्या पासबरोबर ब्रेकही तपासा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीला आमच्या चाळीतून सात-आठ गाड्या चिपळूणकडे निघतात. त्यातली एक माझी, नऊ वर्षं वापरातली. गेल्या पावसाळ्यात हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून ती आणली आणि पुढे तीन आठवडे उभीच राहिली. नंतर चालवायला काढली तर ब्रेक न दाबताही डावीकडे ओढायची. सिग्नलला थांबलं की करपल्याचा वास यायचा. गॅरेजवाल्याने ब्रेक पॅड बदलून दिले. दोन महिन्यांत डावीकडचा आतला पॅड झिजून लोखंडाला टेकला, उजवीकडचे मात्र नव्यासारखे. त्याने पुन्हा पॅडच बदलले. याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या मेकॅनिकने चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. मग कॅलिपरचा, म्हणजे पॅड चाकाच्या चकतीवर आवळणाऱ्या भागाचा, निप्पल (ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) जरा सैल करून ब्रेक ऑइलचा दाब सोडला. ब्रेकचा रबरी पाइप आतून तुंबला असता तर चाक तेवढ्यावर मोकळं झालं असतं. ते आवळलेलंच राहिलं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन सहज सरकत होत्या. अडकला होता तो पॅडला ढकलणारा पिस्टन. त्याचं धूळ अडवणारं रबर फाटून पाणी आत गेलं होतं आणि गंज चढला होता. कॅलिपर नवा घातला, पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलले, ब्रेक ऑइल नवं भरून पाइपातली हवा काढली. हेच चाक घेऊन परशुराम घाट उतरले असते, तर तापून ऑइल उकळलं असतं आणि पेडल दाबून ब्रेक लागला नसता. मागच्या सीटवर सासूबाई आणि दोन्ही मुलं असतात.

खासगी गाडीची पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणी होते, पण तिथे धूर बघतात. नोंदणी पंधरा वर्षांची असते, तोवर ब्रेक तपासून घेण्याची सक्ती नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास आरटीओ आणि वाहतूक पोलिसांकडून मिळतात. पास द्यायच्या ठिकाणीच एक जॅक आणि एक जाणता मेकॅनिक ठेवावा, चाकं उचलून फिरवून बघावीत. सक्ती नको, पण ज्याला हवं त्याला सोय मिळू दे. आणि हे यंदा पास वाटायच्या आधी ठरावं, अशी परिवहन विभागाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, लालबाग