मिरजेच्या काकांना, माझी रायफल माझ्याच हातात दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव कुठं टाकू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका म्हणते. पण पत्र उघडच लिहिणार. आमच्या तासगाव-सांगली भागात नेमबाजी करणाऱ्या पोरापोरींच्या आईबापांना हे कळायला हवं.

रायफल जर्मन बनावटीची, .२२ ची (म्हणजे छोट्या काडतुसाची), एका जुन्या नेमबाजाकडून घेतलेली. बाबांनी द्राक्षाच्या पैशातून घेऊन दिली. ५० मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. माझ्या गोळ्या आडव्या सरकत नव्हत्या, पण एक वर, एक खाली, अशी उभी रांग लागायची. श्वास, पट्टा, कोपराची जागा, काडतुसांचा लॉट, सगळं बदलून झालं. रांग तशीच.

अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस आत घेऊन उडवणारी रायफलीची यंत्रणा, आणि बोल्ट म्हणजे तिच्यातला मागं-पुढं सरकणारा दांडा. एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं तर तो बोल्टसुद्धा बाहेर काढला नाही. "फॅक्टरीची अ‍ॅक्शन आहे, संपली. कस्टम, ऑर्डरप्रमाणं बनवलेली घ्या, वर नवी बॅरल आणि ट्रिगर" म्हणत बाबांपुढं आकडा लिहिलेला कागद सरकवला. दुसऱ्यानं हीच अ‍ॅक्शन सुधारून देतो म्हणत जवळपास तेवढेच पैसे सांगितले. दोघंही शेवटपर्यंत बाबांशीच बोलत होते. बाबांनी जन्मात ट्रिगर ओढलेला नाही. रायफल चालवणारी मी शेजारी उभी, आणि माझ्याकडं कुणी मान वळवून बघितलंही नाही. परत येताना बाबा गाडीत बागेवर कर्ज किती मिळेल याचा हिशेब करत होते. मला रडू आवरत नव्हतं.

मग कुणीतरी रायफली दुरुस्त करणारे म्हणून तुमचं नाव सांगितलं. तुमच्याकडंही बाबाच बोलायला लागले. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा सांगितलात आणि भिंग माझ्या हातात ठेवलंत. मी आणलेल्या, उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओळीनं मांडल्यात, स्वतः उठून दिव्याजवळची जागा मला दिलीत आणि म्हणालात, "रायफल तुझी हाय ना? मग तू सांग, काय दिसतंय."

काका, बाकी सगळं नंतर. हे पत्र त्या भिंगासाठी आहे.

मला दिसलं ते मी सांगितलं. काही पुंगळ्यांच्या काठावर फायरिंग पिनचा (काडतुसाला ठोका देणाऱ्या खिळीचा) ठसा खोल, काहींवर नुसता ओरखडल्यासारखा. तुम्ही मान हलवलीत, आणि मगच बोल्ट उघडलात. आत जुन्या तेलाचा चिकट थर आणि थकलेली स्प्रिंग. .२२ च्या काडतुसात पेट घेणारी दारू काठाच्या आत असते. त्यावरचा ठोका कमी-जास्त बसला की गोळीचा वेग कमी-जास्त होतो, आणि ५० मीटरवर तो फरक वर-खाली दिसतो, हे तुम्ही मला समजावलंत. मला, बाबांना नव्हे.

कस्टमचं काय, असं बाबांनी विचारलं तेव्हाही तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं. मोठ्या काडतुसाच्या, लांब पल्ल्याच्या रायफलीत रिसिव्हरचं (अ‍ॅक्शनच्या बाहेरच्या घराचं) तोंड काटकोनात नसेल, बोल्टचा एकच लग (अडकणारा दात) टेकत असेल, आटे तिरके असतील, तर ते सगळं लेथवर सरळ करून वर नवी बॅरल बसवायचा खर्च कस्टमच्या जवळ जातो. विकताना तो पैसा परतही येत नाही. तिथं सरळ कस्टम घ्यावी, तसं असतं तर मीच सांगितलं असतं, म्हणालात. पण ही मॅचसाठीच घडवलेली अ‍ॅक्शन, हिला काही झालेलं नाही. "तंबोरा सुरात येईना म्हणून भोपळा फेकून देतात व्हय? आधी जवारी बघायची."

जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीचा घासून जुळवलेला माथा. हे मिरजेचाच माणूस बोलणार. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज हत्यारं बनवणारे आणि पाजवणारे शिकलगार होते. हत्यारांची मागणी सरली तसे तेच हात वाद्यांकडं वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणलं. या मातीत जाणकारही आहेत आणि नेमबाजही. त्यांची गाठ पडायच्या आधी मधला कुणीतरी आईबापाच्या जिवावर आकडा लिहून मोकळा होतो, याचा मला अजून राग येतो. गिऱ्हाईक घाबरलेलं आहे हे दिसत असताना त्याला खरं सांगणं, आणि ज्याची वस्तू त्याच्याशीच बोलणं, याला पैसा लागत नाही. तरी हे करणारी माणसं शोधावी लागतात.

नवी स्प्रिंग, साफसफाई, बेडिंगचे, म्हणजे अ‍ॅक्शन दस्त्यात धरून ठेवणारे, स्क्रू नीट ताणून बसवणं. एवढ्याचेच पैसे घेतलेत. उभी रांग गेली, काका. गोळ्यांचा गट गोल पडतोय. टार्गेटचा कागद जपून ठेवलाय, तुम्हाला दाखवायचाय.

फेब्रुवारीत बाग उतरली की बाबा पेटी घेऊन येणार आहेत, नाही म्हणू नका. मीही येते. बोल्ट स्वतः उघडून साफ करायला शिकवीन म्हणाला होतात, त्या दिवशी दुपार मोकळी ठेवा.

तुमची,
तासगावची नेमबाज