नेमकी कशाची वाट बघतोय

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून किती दिवस रे असं?" तेव्हा मी विषय बदलला. ही शेजारीच होती, मुलं आसपास होती, आणि दोन मिनिटांत सांगून संपेल असं ते नव्हतंच. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी रोजचं सांगतो. किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात, म्हणून नवी किडनी मिळेपर्यंत रक्त साफ करायला डायलिसिस. डायलिसिस म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलातली ती खुर्ची, हातात सुया आणि शेजारी रक्त फिरवणारं मशीन येतं. माझं तसं नाही. माझं पोटाचं डायलिसिस, पेरिटोनियल. पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेला. तोच गाळणीचं काम करतो. बेंबीच्या खाली एका बाजूने मऊ नळी कायमची बसवली आहे. तिच्यातून बॅगेतलं दोन लिटर निर्जंतुक, साखर मिसळलेलं पाणी आत सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. त्या पाण्यातली साखर शरीरातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. रक्तातली घाण, म्हणजे युरिया, क्रिएटिनिन, पडद्यातून झिरपून त्यात उतरते. हे दिवसातून चार वेळा. काही जण रात्री झोपेत मशीन लावून करतात. माझं हातानेच चाललंय आणि मला ते आवडतं, कारण वीज गेली तरी काम अडत नाही.

बॅग बदलायची म्हणजे आधी खिडकी बंद, पंखा बंद. टेबल पुसायचं, मास्क लावायचा. मग हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांनी, आणि कोरडे करायचे. बॅगेवरची तारीख आणि टक्केवारी वाचायची, दाबून कुठे गळत नाही ना बघायचं. त्यानंतर नळीचं टोपण काढून ती बॅगेच्या नळीला जोडायची. हे काही सेकंदांचं काम, पण त्या वेळात घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. धाकटासुद्धा नाही. तिथे बोट लागलं तर जंतू थेट पोटात. एकदा जोडलं की मग निवांत. पोटातलं पाणी खालच्या रिकाम्या बॅगेत उतरत राहतं आणि मी तोवर काहीतरी वाचत बसतो. पाऊण तासात सगळं आटपतं.

काढलेल्या पाण्याची बॅग मी छापील कागदावर ठेवतो. अक्षरं स्वच्छ वाचता आली की बरं वाटतं. गढूळ दिसलं, सोबत पोट दुखलं किंवा ताप आला, तर एक तासही थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि ती बॅग तपासायला बरोबर न्यायची. मग वजन करून वहीत नोंद. दोन लिटर आत गेलं आणि दोन लिटर तीनशे बाहेर आलं, म्हणजे तीनशे मिली शरीरातलं निघालं. ज्या दिवशी हा आकडा चांगला असतो त्या दिवशी मी खरंच आनंदात असतो. पाणी कमी उतरलं तर जास्त साखरेची बॅग वापरावी लागते. दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के अशा बॅगा येतात. पण जास्त साखर म्हणजे ती अंगातही जास्त मुरते आणि पडद्यालाही ते सोसत नाही. म्हणून मी मिठावर इतका कडक झालोय. मीठ कमी की तहान कमी, तहान कमी की हलक्या बॅगेवर भागतं.

तू म्हणालास, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन मोकळा झाला असतास तर? मोकळा झालो नसतो. या पद्धतीत शरीरातलं पाणी एकदम न उपसता हळूहळू निघतं, त्यामुळे नंतरचा तो गळून जाणारा थकवा मला येत नाही. थोडी लघवी अजून होते, ती पोटाच्या डायलिसिसवर सहसा जास्त काळ टिकते. आणि दुपारची बॅग बदलून मी पुन्हा कामाला बसू शकतो. उलट बाजूही आहे. सुट्टी नाही. आजारी असलो, कंटाळलो, घरात कार्य असलं, तरी चार वेळा म्हणजे चार वेळा. खोक्यांनी अर्धी खोली भरलेली असते. पाण्याबरोबर प्रथिनंही वाहून जातात, म्हणून भूक नसली तरी ती भरून काढायला खावं लागतं, आणि पोटात दोन लिटर पाणी असताना भूक कसली लागणार. पोहणं बंद झालं. त्याचं मात्र वाईट वाटतं, तुला माहीतच आहे.

हिलाही सगळं शिकवून घेतलंय. पण मी अंथरुणाला खिळलेलो नसेन तोवर बॅग मीच बदलणार, हे मी ठरवून ठेवलंय. ती माझी बायको आहे, तिला माझी नर्स करायची नाही. आम्ही दोघं संध्याकाळी गप्पा मारतो तेव्हा आजाराचा विषय काढत नाही. जवळच्या माणसाचं दुखणं घरात आलं की पहिला बळी गप्पांचा जातो, आणि तो मला द्यायचा नाहीये.

ही पद्धत फार जुनी नाही, बरं का. 1976 मध्ये पोपोविच आणि मॉन्क्रीफ या दोघांनी अमेरिकेत ती मांडली. तोवर हे असं मशीनशिवाय, दिवसभर हिंडताफिरता करणं रूढ नव्हतं. किडनी प्रत्यारोपण त्याआधीचं. पहिलं यशस्वी झालं ते 1954 मध्ये, अगदी एकसारख्या जुळ्या भावांत. ते करणाऱ्या जोसेफ मरे यांना 1990 साली नोबेल मिळालं. असे जुळे होते म्हणूनच शरीराने ती किडनी परकी मानली नाही. बाकीच्यांसाठी शरीराचा तो नकार दाबणाऱ्या गोळ्या निघायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

आता यादीचं, म्हणजे मरण पावलेल्या दात्याची किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवतात त्या यादीचं. घरातल्या कुणाची घेता येईना. हिचा रक्तगट जुळत नाही. दादाला तपासण्यांत मधुमेह निघाला. आईबाबांचं वय तुला माहीत आहे. आणि तू म्हणालास, "माझी घे की." ते मी जन्मात विसरणार नाही. पण तुला स्वतःला ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, दोन मुलं लहान आहेत. बहुधा तपासणीतच तुला बाजूला काढतील, आणि नाही काढलं तरी मी नाहीच म्हणेन. यावर वाद घालू नकोस.

म्हणून यादी. ती रेशनच्या रांगेसारखी सरळ सरकत नाही. रक्तगट, टिश्यू किती जुळतात, परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या अँटीबॉडी, आणि वाट बघून किती काळ झाला, असं सगळं बघतात. शेवटी क्रॉसमॅच: दात्याच्या पेशी आणि माझं रक्त समोरासमोर आणून भांडतात का ते तपासायचं. बाहेरचं रक्त चढवलं की अँटीबॉडी वाढू शकतात, म्हणून डॉक्टर शक्यतो ते टाळतात आणि हिमोग्लोबिनसाठी मी इंजेक्शनं घेतो. थोडक्यात, "किती दिवस" याला उत्तरच नाही. फोन रात्री उशाशी, आवाज पूर्ण वाढवलेला. कारण किडनी बाहेर काढल्यावर शक्यतो एका दिवसाच्या आत बसवायची असते.

एकदा बोलावणं आलं. पर्यायी म्हणून. पहिल्याचं जुळलं नाही तर मी. रात्रभर थांबलो, रक्त दिलं, पहाटे सांगितलं की पहिल्याचं जुळलं, तुम्ही घरी जा. परत येताना ही गप्प होती. तिला वाटत होतं मी खचलोय. मी वेगळ्याच विचारात होतो. त्या रात्री कुठल्या तरी घरातला माणूस गेला होता.

हे मी कुणाशी बोललो नाही, तुला सांगतो. यादीत नाव घालताना माझा हात अडत होता. फोन वाजावा असं वाटणं म्हणजे कुणीतरी मरावं असं वाटणं नाही का? हॉस्पिटलातल्या समन्वयक बाईंना मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस जातो तो अपघाताने, मेंदूतल्या रक्तस्रावाने. तुमच्या यादीमुळे नाही. मेंदू कायमचा थांबलाय हे प्रत्यारोपणाशी संबंध नसलेले डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासून ठरवतात. त्यानंतरच नातेवाइकांना विचारलं जातं.

आणि ते विचारणं कसल्या वेळी, बघ. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, मॉनिटरवर हृदय चालू दिसतंय. अशा माणसाशेजारी उभं राहून त्याच्या बायकोने, बापाने "हो" म्हणायचं. त्यांनी "नाही" म्हटलं तरी तो परत येत नाही. फक्त त्याच्या दोन्ही किडन्या, यकृत, हृदय त्याच्याबरोबर जातात. तेव्हापासून मला कळतं की मी मरणाची वाट बघत नाही. कधीही न भेटणाऱ्या एका घराच्या होकाराची वाट बघतोय. ते घर आत्ता हसतखेळत असेल. तसंच राहो, असं मनापासून वाटतं, आणि तरी फोन उशाशी असतो. दोन्ही खरं आहे.

म्हणून तुझ्याकडे किडनीऐवजी वेगळंच मागतोय. अवयवदानाचा अर्ज भरलास तर उत्तमच. पण वहिनींशी बोल. तुझं काय व्हावं असं तुला वाटतं ते त्यांना तोंडाने सांगून ठेव, आणि त्यांचंही विचारून घे. त्या वेळी विचारतात ते घरच्यांनाच, आणि ज्यांना आपल्या माणसाची इच्छा आधीपासून माहीत असते त्यांना निदान अंदाज बांधत बसावं लागत नाही. विषय अवघड आहे, जेवताना निघणार नाही. तरी काढ.

मिळाली तरी मी पूर्ण बरा होणार नाही, हेही सांगून ठेवतो. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या बहुतेक वेळा तशाच राहतात. गोळ्या जन्मभर, वेळच्या वेळी, आणि जंतुसंसर्गाला जपून राहायचं. पण चार बॅगा सुटतील, आणि डॉक्टर हो म्हणाले तर पोहायलाही जाईन.

मुलांच्या सुट्टीत सगळे या. बॅग बदलताना खोलीत बसायचं असेल तर मास्क लावून खुशाल बस. कुणाला सर्दी असेल तर मात्र चार दिवस थांबून निघा. माझ्या खाण्यापिण्याची काळजी करून वहिनींनी काही वेगळं करून आणू नये, इथे सगळं मोजून होतं. तू ते आपलं अर्धवट राहिलेलं बुद्धिबळ तेवढं घेऊन ये, पाऊण तास मला बसूनच काढायचा असतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लिहूनच पाठव, फोनवर नको.

तुझाच