सूचना : रविवारच्या साक्षीसाठी तयारी

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर साक्षीसाठी, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सर्वांसमोर सांगण्यासाठी, वेळ ठेवला आहे. त्याआधी प्रत्येकाने एका तरी माणसाशी आपल्या विश्वासाबद्दल मोकळेपणाने बोलावं, ही विनंती. रोज सकाळी बायबलचं वचन फॉरवर्ड करणं यात धरलेलं नाही!

बायबलमधलं १ पेत्र ३:१५ वाचून घ्या. आपल्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर तयार हवं, पण ते सौम्यपणे द्यायचं. तेव्हा वाद घालू नका, कोणाच्या धर्माला नावं ठेवू नका. समोरच्याला ऐकायचं नसेल तर विषय तिथंच सोडा.

आणि लोक विचारतात ते आपलं वागणं पाहून. काम प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे प्रेषित पौलाने (कलस्सै ३:२३) दासांना लिहिलं, ज्यांच्या कामाचं कौतुक करणारं कोणी नव्हतं. कामावर उशिरा यायचं, दुसऱ्यावर ढकलायचं आणि जेवणाच्या सुट्टीत सुवार्ता सांगायची, हे लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

साक्ष तीन मिनिटांत आटोपावी. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव सांगू नये. बोलू इच्छिणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींना कळवावं.