बसऱ्याला गेलेले

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू विचारलंस, "सापडला का रे तो माणूस?" तेव्हा मी बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. सापडला. पहिल्या महायुद्धावर गेलेला आपल्या गावचा तो शिपाई. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

आपल्या चावडीच्या भिंतीतला संगमरवरी दगड आठवतो ना? त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून ४१ जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी ३ जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. लहानपणी आपण त्याच दगडावर चेंडू आपटायचो. आता आठवलं की कसंसंच होतं.

धागा मिळाला तो मळ्यातल्या आक्कांच्या देव्हाऱ्यात. "आमचे थोरले मामंजी बसऱ्याला गेले ते आलेच न्हाईत," एवढंच त्यांना ठाऊक. बसरा म्हणजे आजच्या इराकात. मी सहज देवाला हात जोडायला वाकलो, तर टाकांच्या ओळीत बशीएवढी एक जाड पितळी चकती. हळदीकुंकवाने माखलेली. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पुढ्यात सिंह. घरात तिला भवानी म्हणून पुजतात. आक्कांनी स्वतः चिंचेच्या कोळाने ती घासून दिली, आणि सिंहाच्या डोक्यावरच्या चौकटीत उठावाची अक्षरं वर आली. त्यांच्या मामंजींचं नाव! ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने ही कांस्याची चकती धाडली होती. तिच्यावर हुद्दा मुद्दामच घालत नसत, साहेब असो की शिपाई, नुसतं नाव. कडेने लिहिलंय, स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी तो मेला. कुणाचं स्वातंत्र्य, हे मला त्या देव्हाऱ्यापुढे बसून आक्कांना सांगता आलं नाही.

पुढचं काम पुण्यात, रात्री जेवणं झाल्यावर. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी संगणकावर बघता येतात. त्याच नावाचे कितीतरी मराठे निघाले. बापाचं नाव आणि तालुका जुळेना, कारण कारकुनाने गावाच्या नावातला 'ळ' उडवून 'वाडी' पार गाळून टाकली होती. ते मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा कळलं, हे तर आपलंच गाव.

११७ मराठा पलटण. मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. म्हणजे टेसिफॉनची लढाई, बगदादच्या अलीकडे टायग्रिसकाठी. ही पलटण ज्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती तिचं नावच पुणे डिव्हिजन. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती, सुधीर. इकडे देवळांतून दिवे लागले असतील आणि तिकडे हे लोक चांदण्यात तुर्की शत्रूच्या खंदकांकडे चालत होते. त्या लढाईत आपल्या बाजूचे चार हजारांहून जास्त मेले किंवा जखमी झाले. उरलेले मागे हटून टायग्रिसकाठच्या कूट गावी वेढ्यात अडकले, १४७ दिवस. १९२९ साली बसऱ्याला स्मारक झालं. गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. गावातही आकडा, बसऱ्यातही आकडा. पुरं नाव राहिलं ते त्या देव्हाऱ्यात, कुंकवाखाली.

हे सगळं आक्कांना सांगायला गेल्या आठवड्यात गावी गेलो. मेसोपोटेमियात, म्हणजे त्या इराकच्या मुलखात, रोगराईने आणि कैदेतही पुष्कळ मेले, त्यामुळे मामंजी कशाने गेले हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिथीही नाही. म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढत आले. लढाईत पडले म्हटल्यावर गुरुजी म्हणाले, शस्त्राने गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात.

आक्का बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी इतकी वर्सं आमी त्यास्नी एक दिस उशिरानं जेवाय घातलं व्हय रं?"

मला काही उत्तर सुचेना. यंदा चतुर्दशीला मी जाणार आहे, तूही रजा काढून ये. निघताना आक्कांनी मला परत हाक मारली आणि विचारलं, "तुज्या त्या कागदात लिवलंय का, त्यास्नी भाजी कंची आवडायची?"

तुझा,
अरुण