नुसत्या आवाजावरून

प्रिय मीनल,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर गेलं नाही, रागावू नकोस. दादाच्या पाठीमागे धावपळ चालली आहे.

गेल्या महिन्यात पेन्शन काढून येताना आमच्याच जिन्यात त्याला कुणी ढकललं आणि पिशवी ओढली. दादानं पांढरी काठी आडवी धरली, तर तीही मोडली. पळता पळता तो एवढंच म्हणाला, "सोड!" तेवढ्यावर दादानं ओळखलं. मागच्या चाळीतला मुलगा, वर्षभर याला हात धरून रस्ता ओलांडून देणारा. पेन्शन कधी काढतो, पैसे कुठं ठेवतो, सगळं त्याला ठाऊक. मीनल, दादाला पैशांपेक्षा तो हात जास्त लागलाय गं.

चौकीत विचारलं, "दिसत नाही, मग ओळखलंत कसं?" तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर असलेल्या माणसाला! नुसत्या "हॅलो"वर नाव सांगायचा तो. तक्रारीत "अनोळखी इसम" लिहिलं. मी वाचून दाखवलं तेव्हा दादा मोडक्या काठीतून लोंबणारं इलॅस्टिक बोटाला गुंडाळत होता. बोलला काहीच नाही.

मग मी वकिलीणबाईंकडे गेले. त्यांनी एप्रिल 2021चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला, पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. जन्मांध मुलीवर बलात्कार झाला होता. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा. तिनं आवाजावरून ओळखलं, ते कोर्टानं मानलं आणि जन्मठेप कायम ठेवली. अपंग साक्षीदाराची साक्ष कमी प्रतीची धरू नका, असं स्पष्ट बजावलंय. ती मुलगी कोर्टात उभी राहिली म्हणून आज आमच्या हातात हा कागद आहे. मी वाचताना रडले.

काठी मोडणं हासुद्धा वेगळा गुन्हा आहे, हे मला माहीतच नव्हतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 92, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. पोलिसांनी ऐकलं नाही, तर कलम 7खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारसुद्धा. सोमवारी पुरवणी जबाब द्यायला जातोय. मुलाचं नाव त्यात आलंच पाहिजे.

नवी काठी आणली, पण दादा अजून जिन्याशी थबकतो, कान देतो, मगच पाय टाकतो. तू रविवारी फोन कर. तो उचलेल. नाव सांगू नकोस, त्यालाच ओळखू दे.

तुझी,
सुमा