गालगुंड आणि रक्ताचा रिपोर्ट: मित्रास पत्र

मिरज,
बुधवार, रात्री

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तू पाठवलेले चि. ओंकारचे तिन्ही रिपोर्ट आज काम आटोपल्यावर शांतपणे वाचले. फोनवर तू घाईत होतास, आणि तुझ्या आवाजात काळजी व चीड दोन्ही जाणवत होत्या. "गालगुंडाची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे गालगुंड नाही, आता परवा त्याला पुण्याला वसतिगृहात परत पाठवतो," असे तू म्हणालास. तेव्हा मी फक्त "पाठवू नकोस" एवढेच म्हणालो. त्यामागचे कारण सविस्तर सांगावे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

आपण चौथीत असताना तुला गालगुंड झाले होते, ते तुला आठवत असेल. तुझ्या आईने रक्तचंदन उगाळून लेप लावला होता आणि डोक्यावरून हनुवटीखाली पंचा बांधला होता. मी खिडकीतून दिलेली कैरीची फोड तोंडात घालताच तू कळवळून रडलास. आंबट लागताच लाळग्रंथी लाळ सोडू लागते, आणि सुजलेल्या ग्रंथीला तो ताण सोसत नाही, हे मला पुढे रक्त तपासण्याच्या या व्यवसायात आल्यावर कळले. ओंकारनेही लिंबाचे सरबत पिताना गाल धरला, असे तू सांगितलेस. शिवाय त्याच्या फोटोत सूज कानाच्या पाळीच्या पुढे आणि खाली आहे, पाळी किंचित वर उचलली गेली आहे आणि जबड्याचा कोन झाकला गेला आहे. कर्णमूल ग्रंथी, म्हणजे कानाजवळची लाळग्रंथी, सुजली की चेहरा असाच दिसतो.

आता रिपोर्टांकडे वळू. हिमोग्रामवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी थोड्या कमी आणि त्यांतल्या लिम्फोसाइट प्रकारच्या पेशी प्रमाणाने जास्त आहेत. हे चित्र विषाणूच्या आजाराशी जुळते. ग्रंथीत पू झाला असता, तर बहुधा पांढऱ्या पेशी वाढल्या असत्या आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल प्रकारच्या पेशींचे प्रमाण वर गेले असते. अर्थात एवढ्यावरून विषाणू कोणता, ते ठरत नाही. फ्लूच्या किंवा इतर काही विषाणूंमुळेही ही ग्रंथी कधी कधी सुजते.

दुसऱ्या रिपोर्टात अमायलेज बरेच वाढलेले पाहून वहिनी घाबरल्या आणि स्वादुपिंडाला सूज आली की काय, असे त्यांना वाटले. त्यांना माझ्या वतीने सांग की भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की गोड लागू लागतो, तो ज्या द्रव्यामुळे, तेच हे अमायलेज. ते लाळेतही असते आणि स्वादुपिंडाच्या रसातही असते. लाळग्रंथी सुजली की ते रक्तात उतरते, त्यामुळे गालगुंडात ते वाढणे अपेक्षितच आहे. गालगुंडात क्वचित स्वादुपिंडालाही सूज येते, हे खरे आहे, परंतु तेव्हा पोटाच्या वरच्या भागात तीव्र दुखते, उलट्या होतात आणि लायपेज नावाचे दुसरे द्रव्यही वाढते. ओंकार पिठले-भात खाऊन स्वस्थ झोपला आहे. पोटात दुखू लागलेच, तर डॉक्टरांना लायपेज करायचे का, एवढे विचार.

खरा घोळ तिसऱ्या रिपोर्टाने केला आहे. आयजीएम निगेटिव्ह. आयजीएम म्हणजे नव्या लागणीत शरीर सुरुवातीला तयार करते ती प्रतिपिंडे, विषाणूशी लढणारी प्रथिने.

हा आकडा कसा येतो, ते मी रोज करतो तसेच तुला सांगतो. नळीतले रक्त गोठू दिले आणि यंत्रात फिरवले की वर फिकट पिवळा, लिंबाच्या रसासारखा द्रव राहतो. ते सीरम. ते पातळ करून छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये घालतात. खळग्याच्या तळाशी विषाणूचे अंश चिकटवलेले असतात. सीरममध्ये त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर ती तिथे जाऊन बसतात. मग खळगे अनेकदा धुतात, रंग आणणारी द्रव्ये घालतात आणि शेवटी आम्ल टाकले की निळा झालेला खळगा पिवळा होतो. पिवळेपणा जितका गडद, तितकी प्रतिपिंडे जास्त. ज्या खळग्यात काहीच बसले नाही, तो पाण्यासारखा राहतो. ओंकारचा खळगा तसा राहिला, एवढेच तो रिपोर्ट सांगतो. म्हणजे ही तपासणी विषाणूला शोधत नाही. शरीराने विषाणूला दिलेले उत्तर ती शोधते, आणि ते उत्तर तयार व्हायला वेळ लागतो.

तू म्हणालास की सूज रविवारी सकाळी दिसली आणि रक्त सोमवारी सकाळी दिले. आयजीएम प्रतिपिंडे सूज आल्यानंतर पाच दिवसांपर्यंतही न दिसणे शक्य असते. पहिल्या तीन दिवसांत घेतलेला नमुना निगेटिव्ह आला, तर आजार सुरू झाल्यापासून पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान दुसरा नमुना घ्यावा, असा नियम आहे. तुमच्या रिपोर्टावर नमुना घेतल्याची तारीख आहे, परंतु सूज कधी आली, हे कोणी विचारले नाही आणि लिहिलेही नाही. मला याचे फार वाईट वाटते. या एका ओळीवाचून निगेटिव्ह हा शब्द घरच्यांची दिशाभूल करतो, आणि असे रिपोर्ट हातात घेऊन मुलांना शाळेत पाठवणारे पालक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

लसीबद्दलही तुझा गैरसमज दूर करायला हवा. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात मोहीम सुरू झाली, तेव्हा ओंकारने शाळेत लस घेतली होती, असे तू म्हणालास. ती गोवर आणि रुबेलाची होती, तीत गालगुंडाचा अंश नव्हता. सरकारी लसीकरणात ही दोन आजारांचीच लस दिली जाते. गालगुंडासह तिन्ही आजारांची एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते आणि ती बहुधा खासगी दवाखान्यांतून मिळते. म्हणून ओंकारचे लहानपणचे लसीचे पुस्तक शोध आणि त्यात एमएमआरची नोंद आहे का, ते पाहा. लस घेतलेल्या माणसाला गालगुंड झालेच, तर ते बहुधा सौम्य असते, परंतु त्याच्या रक्तात आयजीएम थोडाच काळ दिसते किंवा दिसतच नाही. त्याची आयजीजी ही जुनी प्रतिपिंडे आधीच वर असल्यामुळे पुढच्या नमुन्यातली वाढही नीट कळत नाही. म्हणजे पुस्तकात नोंद सापडली, तर दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरीही डॉक्टरांनी गाल पाहून दिलेले मत मोडीत काढता येणार नाही.

(गालगुंडाच्या लसीचा उगमही एका बापाच्या काळजीतच आहे. १९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या मुलीला, जेरिल लिनला, गालगुंड झाले. त्याने तिच्या घशातून नमुना घेतला, त्यातला विषाणू सौम्य केला आणि १९६७ साली त्याची लस मंजूर झाली. त्या वाणाला आजही तिचेच नाव आहे.)

पहिल्या तीन दिवसांत खरे तर गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर तपासणी अधिक उपयोगाची असते, कारण ती विषाणूचाच शोध घेते. कानाखालची ग्रंथी अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळून मग वरच्या दाढांसमोर, ग्रंथीची नळी जिथे उघडते, तिथे नमुना घेण्याची काडी फिरवतात. ही सोय सगळीकडे नसते. रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात होत असेल, तर उद्याच कर, कारण दिवसागणिक विषाणू सापडण्याची शक्यता कमी होत जाते. नाही जमले, तर येत्या सोमवारी रक्ताचा दुसरा नमुना दे. पहिले सीरम त्यांच्याकडे शिल्लक असेल, तर ते जपून ठेवायला सांग, म्हणजे आयजीजीची वाढ पाहायची झाल्यास दोन्ही नमुने एकाच वेळी तपासता येतील.

तपासणीचे काहीही होवो, सूज आल्यापासून पाच दिवस, म्हणजे शुक्रवार संपेपर्यंत, ओंकारला घरीच वेगळ्या खोलीत ठेव. त्याचे भांडे आणि पेला वेगळा असू दे. वसतिगृहात एका खोलीत तीन मुले राहतात, आणि हा आजार लाळेतून व खोकल्या-शिंकांतून पसरतो. सूज येण्याच्या दोन दिवस आधीपासूनच तो इतरांना लागू शकतो, म्हणून त्याच्या खोलीतल्या मुलांच्या घरी आजच कळव. लागण झाल्यापासून सूज यायला साधारण १६ ते १८ दिवस, कधी २५ दिवसही लागतात, तोवर त्यांनी लक्ष ठेवावे.

माझ्या धाकट्या बहिणीची, नंदाची, गोष्ट तुला पूर्णपणे माहीत नसेल. तिला सातव्या वर्षी गालगुंड झाले, आठवड्यात गाल उतरला आणि आम्ही सगळे विसरलो. पुढे घरात फोन आला, तेव्हा ती डाव्या कानाला रिसीव्हर लावून पुन्हा पुन्हा "हॅलो, हॅलो" करत होती. पलीकडून आत्या बोलत होती. आईने रिसीव्हर तिच्या उजव्या कानाला लावला आणि ती हसून बोलू लागली. त्या दिवशी आम्हाला कळले की तिचा डावा कान पूर्ण गेला आहे. तो परत आला नाही. असे क्वचित होते, तरी ओंकारच्या दोन्ही कानांजवळ एकेक करून हळू आवाजात बोलून पाहत जा.

तो वयात आलेला मुलगा आहे, म्हणून आणखी एक गोष्ट तू स्वतः त्याच्याशी बोल. वृषणात दुखले किंवा सूज आली, तर त्याने लाजून लपवू नये. लस न घेतलेल्या तरुणांपैकी ३० टक्क्यांपर्यंत हा त्रास होतो, बहुधा गाल उतरू लागल्यावर, आणि बरेचदा एकाच बाजूला. त्यामुळे कायमचे वंध्यत्व येणे फार दुर्मीळ आहे, हेही त्याला सांग, म्हणजे तो भीतीने गप्प बसणार नाही. तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि मान ताठ होणे यांपैकी काही दिसले, तर रात्र असली तरी दवाखान्यात ने.

लसीचे पुस्तक सापडले की त्या पानाचा फोटो पाठव. सोमवारी नमुना देताना अर्जावर सूज आल्याची तारीख तू स्वतः लिही आणि ती संगणकात नोंदवली गेली का, हे तिथेच उभा राहून पाहा.

सौ. वहिनींना नमस्कार, चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत